भिंत फोडण्याआधी: इमारतीचं प्लंबिंग समजून घ्या आणि सांभाळा

छताला ओल दिसली की पहिला फोन प्लंबरला जातो आणि प्लंबरच्या हातात पहिली येते ती छिन्नी. वरच्या घरातली न्हाणी फुटते, टाइल्स जातात, कोबा उकरला जातो आणि आठ दिवसांनी ओल तिथेच असते. कारण पाणी जिथे दिसतं तिथेच ते गळत असतं असं नाही. स्लॅबवर उतरलेलं पाणी उतार मिळेल तिकडे सरकतं आणि चार-पाच फुटांवर कुठेतरी खाली टपकतं. म्हणून आधी पाण्याचा रस्ता समजून घ्यायचा, मग व्हॉल्व्ह आणि घड्याळ वापरून बिघाड नेमका कुठल्या टप्प्यात आहे ते ठरवायचं. हातोडा सगळ्यात शेवटी.

उदाहरणासाठी मुंबई-पुण्यात सर्रास दिसते तशी एक सोसायटी घेऊ: खाली पार्किंग, वर सात मजले, प्रत्येक मजल्यावर चार घरं. एकूण अठ्ठावीस घरं, माणसं साधारण १४०. फ्लश असलेल्या घरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे रोजची गरज १८,९०० लिटर.

पाणी वर कसं जातं

महापालिकेचं पाणी दिवसातून काही तासच येतं आणि सातव्या मजल्यापर्यंत चढेल इतका दाब त्याला नसतो. म्हणून ते आधी जमिनीखालच्या टाकीत पडतं, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत जातं आणि मग आपल्या वजनाने खाली घराघरात उतरतं. या उतरत्या पाइपांना डाउनटेक म्हणतात. एकावर एक असलेल्या न्हाण्यांना एक डाउनटेक, स्वयंपाकघरांना दुसरा, अशी मांडणी असते आणि प्रत्येकाचा व्हॉल्व्ह गच्चीवर असतो.

पहिलं काम याच व्हॉल्व्हपाशी आहे. एका रविवारी एकेक व्हॉल्व्ह बंद करून कुठल्या घरातला कुठला नळ बंद पडतो ते पाहा आणि ऑइलपेंटने पाइपवरच लिहून ठेवा: ‘१०१ ते ७०१ न्हाणी’, ‘१०२ ते ७०२ किचन’. कागदावरचा नकाशा कमिटी बदलली की हरवतो, पाइपवरचा रंग टिकतो. याच वेळी कळेल की निम्मे जुने चाकाचे व्हॉल्व्ह फिरतात, पण पाणी थांबवत नाहीत. ते बदलून बॉल व्हॉल्व्ह (पाव फिरकीत उघड-बंद होणारे) लावा आणि सहा महिन्यांतून एकदा प्रत्येक व्हॉल्व्ह उघड-बंद करा. वर्षानुवर्षं न हललेला व्हॉल्व्ह नेमका गरजेच्या वेळी जाम होतो.

दाबाचं गणित सोपं आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याने दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब पडतो. गच्चीपासून दीड मीटर उंच ठेवलेल्या टाकीपासून सातव्या मजल्यावरचा शॉवर जेमतेम अडीच मीटर खाली येतो, म्हणजे पाव किलो दाब. पहिल्या मजल्यावर हाच आकडा दोन किलोच्या आसपास जातो. त्यामुळे वरच्या मजल्यावर धार बारीक असणं हा बहुतेक वेळा बिघाड नसतो. मोठं तबकडीचं शॉवर हेड काढून साधं लावलं किंवा टाकीच्या बाहेरची लाइन मोठी केली तर फरक पडतो. तरी भागलं नाही तर त्या घरापुरता छोटा प्रेशर पंप. मात्र कालपर्यंत चांगली असलेली धार आज एकदम गेली, तर बहुधा डाउनटेकमध्ये हवा अडकलेली असते. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली की असं हमखास होतं. टाकीतून निघणाऱ्या लाइनवर, व्हॉल्व्हच्या लगेच पुढे, टाकीच्या काठापेक्षा उंच जाणारी हवेची नळी असली तर हा त्रास होत नाही. ती नसेल तर बसवून घ्या, खर्च किरकोळ आहे.

पंप

किती एचपीचा पंप हवा? आपल्या सोसायटीचं पाणी दिवसभरात एकूण तीन तासांत चढवायचं ठरवलं तर मिनिटाला १०५ लिटर लागतात. खालच्या टाकीच्या तळापासून गच्चीवरच्या टाकीच्या तोंडापर्यंत उंची साधारण ३० मीटर, पाइपमधल्या घर्षणासाठी आणखी चार. पंपाची कार्यक्षमता ४५ टक्के धरली तर पावणेदोन एचपी येतो, म्हणजे दोन एचपीचा पंप पुरेसा. अनेक ठिकाणी ‘असू दे जास्त’ म्हणून पाच एचपीचा बसवलेला असतो. त्याने बिल वाढतंच, शिवाय पंप बंद होताना पाइपमध्ये धाडकन आवाज होतो आणि सांधे सैल होतात. पंप नेहमी जोडीने ठेवा आणि एक दिवसाआड आलटून पालटून चालवा. कपाटातला नवाकोरा राखीव पंप सहा महिने न फिरता राहिला की गंजून जाम होतो.

पंपरूमच्या भिंतीवर एक वही टांगा आणि रोज एकच गोष्ट लिहा: टाकी भरायला किती मिनिटं लागली. नेहमी नव्वद मिनिटं लागत आणि आता एकशे वीस लागतात, तर फूट व्हॉल्व्हच्या (टाकीत बुडालेल्या पाइपच्या टोकाला असलेल्या, पाणी परत जाऊ न देणाऱ्या झडपेच्या) जाळीत कचरा आहे, पंपाकडे पाणी ओढणारी सक्शन लाइन हवा ओढते आहे किंवा इम्पेलर (पंपाच्या आतलं पाणी ढकलणारं चक्र) झिजला आहे. पंप सुरू होतो पण पाणी चढत नाही, वरून पाणी ओतलं की चढतं, असं होत असेल तर फूट व्हॉल्व्हचं चामडं किंवा रबर गेलं आहे. ते बदला. रोज असं वरून पाणी ओतत (प्रायमिंग करत) बसलात तर एक दिवस पंप कोरडा चालेल आणि सील जळेल.

पंपाच्या शाफ्टपाशी पाणी दिसलं तर आधी पंप कुठल्या प्रकारचा आहे ते पाहा. ग्लँड पॅकिंग (शाफ्टभोवती दाबून बसवलेली दोरी) असेल तर थेंब थेंब पाणी यायलाच हवं, त्यानेच शाफ्ट थंड राहतो. ते बंद करायला नट आवळत नेले की दोरी जळते आणि शाफ्टला खाच पडते. मेकॅनिकल सील असेल तर मात्र एक थेंबही चालत नाही. गळायला लागलं की सील बदलायचं.

महापालिकेच्या लाइनला थेट मोटर लावणं बेकायदा आहेच, पण त्यातला खरा धोका वेगळा. ओढून घेतलेल्या लाइनमध्ये दाब उणे होतो आणि फुटक्या सांध्यातून बाहेरचं गटाराचं पाणी आत येतं. पाणी नसलेल्या वेळी लाइन रिकामी असते तेव्हाही असंच होतं. म्हणून सोसायटीत येणारी मुख्य लाइन कुठून येते ते एकदा चालत जाऊन पाहा. जुन्या इमारतींत ती चक्क गटारातून किंवा चेंबरच्या पोटातून गेलेली सापडते. पाण्याला वास येतो म्हणून टाकी तीनदा धुतली आणि वास तसाच, अशी तक्रार असेल तर तिथेच शोधा.

टाक्या

टाकीला पाच गोष्टी हव्यात: घट्ट बसणारं झाकण, जाळी लावलेला ओव्हरफ्लो, तळाला धुण्याचा निचरा, तळापासून दोन-तीन इंच वर काढलेला आउटलेट आणि चालणारा बॉल कॉक किंवा लेव्हल कंट्रोलर. ओव्हरफ्लोचा पाइप येणाऱ्या पाइपपेक्षा एक साइज मोठा असावा आणि त्याचं तोंड कुणाच्या तरी नजरेसमोर यावं. पन्हळीत सोडलेला ओव्हरफ्लो महिनाभर वाहिला तरी कुणाला पत्ता लागत नाही. जाळी डासांसाठी: डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाची कड भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान सहा इंच उंच हवी, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात पार्किंगचं पाणी आत जातं.

टाक्या वर्षातून दोनदा धुवा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा पावसाळ्यानंतर. जमिनीखालची टाकी ही बंदिस्त जागा आहे. झाकणं उघडून ब्लोअरने हवा खेळती करा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर सतत एक माणूस. एकट्याला कधीही उतरवू नका. पाणी उपसायला डिझेल किंवा पेट्रोलचा पंप टाकीत उतरवला तर धुराने माणूस दगावतो. विजेचा पंप असेल तर माणूस पाण्यात असताना तो बंद हवा. ब्रश, साधं पाणी आणि गाळ ओढणारा पंप एवढ्यावर नेहमीची सफाई होते. नंतर पाणी भरल्यावर क्लोरीन तपासायच्या छोट्या किटने शेवटच्या घरातल्या नळाचं पाणी तपासा, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा.

गटाराचं पाणी टाकीत गेलं असेल तर नुसतं धुणं पुरत नाही. धुतल्यावर टाकी भरा आणि दर हजार लिटरला १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, वरचं नितळ पाणी टाकीत ओता. ताज्या पावडरमध्ये साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतो, म्हणून हा डोस लिटरला ५० मिलिग्रॅम पडतो. पावडर जुनी, उघडी राहिलेली असेल तर तिचा जोर उतरलेला असतो. शेवटच्या मजल्यापर्यंत प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, मग किमान तासभर तसंच ठेवून सगळं काढून टाका. एवढा वेळ ते पाणी कुणी वापरायचं नाही, हे घराघरात जाऊन सांगा. व्हॉट्सॲपवर टाकलेलं सगळे वाचतातच असं नाही. आणि ब्लीचिंगसोबत ॲसिड कदापि नको, त्यातून विषारी वायू निघतो.

गळती शोधायची रीत

आधी सोसायटीची. पहाटे एक ते पाच पंप बंद ठेवा आणि वरच्या टाकीची पातळी दोन्ही वेळा पट्टीने मोजा. टाकी ३ मीटर बाय २ मीटर असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे ६० लिटर. चार तासांत दहा सेंटिमीटर उतरलं तर ६०० लिटर गेलं. झोपेच्या वेळी अठ्ठावीस घरांना एवढं लागत नाही. दुसऱ्या रात्री सगळे डाउनटेक तासभर बंद करून मोजा. तरीही पातळी उतरली तर टाकीच गळते आहे किंवा तिचा निचऱ्याचा व्हॉल्व्ह. न उतरल्यास पुढच्या रात्री एकेक डाउनटेक उघडत जा.

बहुतेक वेळा चोर सापडतो तो फ्लश टाकीत. टाकीचं झाकण काढून पाण्यात थोडी नीळ टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात निळा रंग उतरला तर तळाचं रबर खराब आहे. ठिबकणाऱ्या नळाखाली तासभर बाटली ठेवा: लिटरभर भरली तर दिवसाला चोवीस लिटर. जुन्या स्क्रूच्या नळाला पाच-दहा रुपयांचा वायसर लागतो, पाव फिरकीच्या नव्या नळात आतलं सिरॅमिक कार्ट्रिज बदलावं लागतं. वायसर बदलूनही ठिबकत असेल तर आतली बैठक खरवडलेली असते. अशा वेळी नळ जोराने आवळत राहिलात तर बैठक आणखी खराब होते.

आता छताची ओल. वरच्या घरात दोनच शक्यता असतात, दाबाखालची पाण्याची लाइन किंवा निचऱ्याची बाजू. दाबाखालची लाइन चोवीस तास गळते. निचरा फक्त वापरल्यावर गळतो. ओलीच्या कडेभोवती पेन्सिलने रेघ ओढून तारीख लिहा आणि पुढची पायरी अशी:

१. वरच्या घराचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून एक दिवस बादलीने पाणी वापरा. टपकणं थांबलं तर लाइन गळते आहे. खात्रीसाठी नळांना प्लग लावून हातपंपाने लाइनवर त्या मजल्यावरच्या दाबाच्या दीडपट दाब द्या आणि अर्धा तास काटा पाहा. जुन्या लाइनवर दहा किलो दाब देणारा प्लंबर चांगल्या सांध्यांचीही वाट लावतो. पहिल्या मजल्यालासुद्धा तीन किलो पुरे.

२. टपकणं चालूच राहिलं तर न्हाणी आठवडाभर कोरडी ठेवा, मग जाळी काढून नहाणी ट्रॅपच्या (फरशीच्या निचऱ्याखालच्या वाकड्या पाइपच्या) तोंडात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं फडकं घट्ट बसवा आणि फरशीवर इंचभर रंगीत पाणी भरून दोन दिवस थांबा. खाली रंग उतरला तर फरशीचे सांधे किंवा खालचं वॉटरप्रूफिंग गेलं.

३. रंग उतरला नाही, तर फडकं काढून दुसऱ्या रंगाचं पाच-सहा बादल्या पाणी ट्रॅपमधून सोडा. आता उतरला तर ट्रॅप किंवा त्याच्या पाइपचा सांधा.

एवढं केल्यावर फोडायची जागा बहुधा दोन टाइल्सपुरती उरते. फक्त सांध्यांमधून पाणी जात असेल तर तीही उरत नाही. सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरलं की काम होतं.

नवा सांधा जोडताना

जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) पाइप आतून गंजतात आणि मधला तुकडा बदलला की शेजारचा सांधा गळू लागतो, म्हणून एक लाइन पूर्ण बदलणं परवडतं. घरात आता क्रीम रंगाचा सीपीव्हीसी हा प्लॅस्टिकचा पाइप चालतो, तो गरम-थंड दोन्हीला. पांढरा यूपीव्हीसी फक्त थंडला. दोन्हींचं सोल्युशन, म्हणजे सांधा चिकटवायचा द्रव, वेगळं असतं. सीपीव्हीसीला यूपीव्हीसीचं लावलं तर जोड पहिले काही दिवस धरतो आणि गीझर सुरू झाला की सुटतो.

पाइप काटकोनात कापा आणि कडेचा भुसा चाकूने काढा. कोरडा घालून पाहा, हाताने एक तृतीयांश ते दोन तृतीयांश आत गेला पाहिजे. पाइपला भरपूर आणि फिटिंगला आतून पातळ सोल्युशन लावा, पाव फिरकी देत तळापर्यंत दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा, नाहीतर पाइप आपोआप बाहेर सरकतो. दाबाची चाचणी दुसऱ्या दिवशी. जिथे आटे आहेत तिथे फक्त टेफ्लॉन टेप, आटे स्वतःकडे धरून घड्याळाच्या दिशेने. सफेदा (आट्यांना लावायची पांढरी पेस्ट) आणि सूत जीआयसाठी ठीक. सीपीव्हीसीवर तेलकट सफेदा लावला की प्लॅस्टिकला बारीक तडे जातात आणि ते वर्षभराने भिंतीच्या आत उघडे पडतात. गीझरला सीपीव्हीसी थेट जोडू नका, मध्ये धातूची लवचीक नळी हवी. गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कधीतरी दोन थेंब टाकतो. तो त्यासाठीच आहे, त्याला बूच मारू नका.

घाण पाण्याची बाजू

नहाणी ट्रॅप हा शब्द प्लंबरांच्या तोंडी बसलेला आहे. ट्रॅप म्हणजे वाकवलेल्या पाइपात अडकवलेलं पाणी, किमान दोन इंच. हे पाणी गटाराची हवा आणि झुरळं अडवतं. घर महिनाभर बंद राहिलं की ते वाळतं आणि दार उघडताच वास येतो. प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता. परगावी जाताना वरून चमचाभर खोबरेल टाकलंत तर पाणी लवकर आटत नाही. घर बंद नसूनही वास येतो आणि वरच्या मजल्यावर फ्लश केला की तुमच्या ट्रॅपमध्ये गुडगुड आवाज येतो, तर हवेची वाट बंद आहे. संडासाचा उभा पाइप गच्चीच्या वर उघडा असतो. त्यावर कुणी टोपी घट्ट बसवली किंवा कबुतराने घरटं केलं की पाणी उतरताना ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतं.

चोकअप कुठे आहे ते ओळखायला हत्यार लागत नाही. एकच बेसिन तुंबलं तर त्याचा ट्रॅप. घरातली सगळी न्हाणी तुंबली तर आडवा पाइप, त्याचा उतार कमी पडलेला असतो: चार इंची पाइपला चाळीस ते साठ फुटांना फूटभर उतार लागतो, बारीक पाइपला त्याहून जास्त. सगळ्यात खालच्या मजल्यावर संडास वर आला तर दोष त्या घराचा नाही, उभ्या पाइपच्या पायथ्याचा किंवा चेंबरचा आहे. चेंबरची झाकणं एकामागून एक उघडा. जे भरलेलं आहे आणि ज्याच्या पुढचं कोरडं आहे, त्या दोघांच्या मधे अडथळा. तिथे बांबूची कामटी किंवा जेटिंग मशीन घाला, पाण्याच्या उलट दिशेने, कोरड्या चेंबरमधून. माणूस चेंबरात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवू नका. संरक्षक साधनांशिवाय कुणाला उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आतला वायू एका श्वासात माणूस पाडतो.

स्वयंपाकघराच्या लाइनचा शत्रू तेल. ते गरम असताना वाहतं आणि पाइपात थिजतं. त्यावर चहाची पत्ती आणि भाताची शितं बसत जातात. कढईतलं तेल कागदाने पुसून घ्या. खालच्या गली ट्रॅपमधला, म्हणजे जमिनीवर पाइप उतरतो तिथल्या ट्रॅपमधला, गाळ तीन महिन्यांनी काढा. बाजारातलं ॲसिड ओतून तात्पुरतं मोकळं होतं, पण टाइल्सचे सांधे आणि पितळी वेस्ट कपलिंग खातं.

कोणाचं काम, कोणाचा खर्च

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पाण्याच्या आणि निचऱ्याच्या सामाईक लाइनी, गच्ची आणि बाहेरच्या पाइपांमुळे होणारी गळती संस्थेने दुरुस्त करायची, घराच्या आतली ज्याची त्याने.  म्हणून वरच्या तीन पायऱ्यांचे निकाल तारखेसह लिहून दोन्ही शेजाऱ्यांची सही घ्या. कोण खर्च करणार हा वाद त्या कागदाने बराच आटोपतो.

पावसाळ्याआधी मे महिन्यात एक फेरी इमारतीच्या मागच्या बाजूने मारा. पाइपच्या सांध्यातून पिंपळाचं किंवा उंबराचं रोप हमखास डोकावत असतं, दोन पानं, बोटभर खोड. नुसतं उपटलं तर ते तुटतं आणि मूळ आत जाड होत राहतं. दोन पावसाळ्यांत ते कास्टिंगचा (बिडाचा) पाइप उकलतं. खोड बुंध्याशी कापा, सांधा थोडा उकरून मूळ काढा, जमेल तिथे मुळाच्या तोंडाला तणनाशक लावा आणि मगच सांधा भरा. भरलेल्या जागेवर ऑगस्टमध्ये पुन्हा एक नजर टाका, पालवी फुटली असेल तर मूळ आत राहिलं आहे.